सेवादासचा शेला

आमच्या काकडखेडात मोठा माणूस ओळखायचा तर त्याची माडी पाहू नये, मोटारगाडी पाहू नये. गळा पाहावा. गळ्याच्या बाजूला कडेनं लाल, मधून साफ, असा बशीएवढा गोल चट्टा दिसला की खुशाल समजावं, हा वजनदार गडी आहे. ज्याचा गळा कोरा, त्याला प्रेमसिंगच्या हॉटेलात चहासुद्धा अर्धाच मिळतो. परगावचे लोक याला गजकर्ण म्हणतात. म्हणोत बापडे. बोरी अरबच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मला विचारलंही होतं, तुमच्या गावात एवढी खाज कशी? मी म्हटलं, आमच्याकडे सत्कार फार होतात. त्याला वाटलं, हा बुढा फेकतो आहे. वास्तविक त्या दिवशी मी चुकून खरं बोललो होतो.

त्याचं असं झालं. गावाला लागून तांडा आहे आणि तांड्यावरचा सेवादास बिछायत केंद्र चालवतो. मंडप, गाद्या, खुर्च्या, ताटं, कूलर, भोंगे, सगळं भाड्यानं. डोक्यानं तल्लख माणूस. त्याच्या ध्यानात आलं की या भागात एखाद्या साली लग्नं कमी होतील, पण सत्कार कमी होणार नाहीत. म्हणून त्यानं एक शेला आणला. गडद लाल, वीतभर जरीचा काठ, आतून नकली मखमल. सोबत एक नारळ. नाव पुकारलं की शेला गळ्यात, नारळ हातात, फोटो, टाळ्या. मग भाषण होईस्तोवर तसंच बसायचं आणि शेवटी दोन्ही वस्तू उतरवून पुढच्याला द्यायच्या. नारळ एवढा जुना होता की आतला गोटा खुळखुळायचा. एकदा एका भजनी मंडळानं टाळ विसरले म्हणून त्या नारळावर अख्खा कार्यक्रम काढला होता.

शेला धुवायचा नाही, हा सेवादासचा कायदा. धुतला की जरी काळी पडते.

"अन् घामाचं कसं रे?" कोणीतरी विचारलं.

"घाम मोठ्या लोकायचा आहे, भाऊ," सेवादास म्हणाला. "फेकून कसा देवाव? आमच्या याडीची शप्पथ, या शेल्यात दोन माजी सभापती मुरले आहेत." याडी म्हणजे त्यांच्यात आई. आईची शपथ घेतली म्हणजे विषय संपला.

आता आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. मे महिन्यात कावळा उडता उडता खाली उतरतो आणि दारात उभा राहून पाणी मागतो. कोंबडी उकडलेलंच अंडं देते. अशा दिवसांत मखमलीचा शेला गळ्यात घालून पुढाऱ्याचं भाषण ऐकत बसायचं म्हणजे गजकर्णाच्या बुरशीला घरबसल्या पंचपक्वान्न. ती वाढली. आधी सरपंचांना झाली, मग सोसायटीच्या अध्यक्षांना, मग निवृत्त हेडमास्तरांना. ज्या क्रमानं स्टेजवर नावं पुकारत, त्याच क्रमानं गळे लाल होत गेले. एकाचाही नंबर चुकला नाही. पूर्वी कोणाचं नाव आधी घ्यायचं यावरून डोकी फुटायची. आता निवेदक नुसते गळे पाहून नावं घ्यायचा.

गळ्यावरून ती काखेत उतरली, काखेतून कमरेला, आणि तिथून पुढे जिथं ऊन जात नाही तिथं. ग्रामपंचायतीसमोरचा सिमेंटचा विजेचा खांब तुम्ही पाहिला नसेल. सकाळी पुढारी पाठ घासतात, दुपारी म्हशी. घासून घासून तो असा गुळगुळीत झाला आहे की त्यात तोंड पाहून भांग पाडता येतो. ग्रामसभेत तर ठराव वाचायच्या आधीच सगळ्यांचे हात वर असायचे, काखा मोकळ्या करायला. सगळे ठराव एकमतानं मंजूर. आमच्या गावाला एकोप्याचं बक्षीस मिळता मिळता राहिलं. परीक्षण करायला आलेल्या साहेबांचाही सत्कार झाला आणि ते पुन्हा आलेच नाहीत.

बायांचा सत्कार मात्र कोणी करत नसे. त्यांच्या वाट्याला सत्कार यायचा तो धुवायला. नवऱ्याचा सदरा, नवऱ्याची लुंगी, घरातला एकुलता एक टॉवेल. त्यांनाही झालं, पण पदराआड. पुरुषाची खाज कमाईची आणि बाईची खाज घाणीची, असा आमच्याकडे हिशेब.

गजकर्णाचा मान एवढा वाढला की गावात नव्यानं किराणा दुकान टाकलेल्या एका गड्यानं लाल पेनानं गळ्यावर गोल काढून घेतला. आठवडाभर त्याला पूर्ण कप चहा मिळाला. मग घामानं गोल ओघळला आणि त्याची उधारीसुद्धा बंद झाली.

या सगळ्यांत मोठा चट्टा इंद्रजितभाऊंचा. इंद्रजितभाऊ कोणतीही निवडणूक कधी जिंकले नाहीत, पण त्यांच्यावाचून स्टेज कधी उभं राहिलं नाही. हातपंप बसला, त्यांचा सत्कार. हातपंप आटला, त्यांचा सत्कार. पाण्याची टाकी पडली तेव्हा, ती पडेपर्यंत उभी होती याबद्दल, त्यांचा सत्कार. गळ्यावरचा चट्टा वाढत वाढत मागून येऊन पुढे भेटला आणि पुरी माळ झाली. लोक लांबून पाया पडायचे. जवळून पडायला भीत असावेत.

इलाज ते करत होते. तरोट्याचा पाला वाटून लावला, रॉकेल लावलं, कोणी सांगितलं म्हणून जुन्या टायरची राख लावली आणि काही दिवस त्यांच्या अंगाला बैलगाडीचा वास आला. शेवटी मेडिकलमधली ट्यूब. दुकानात नाव घ्यायचं नाही, नुसतं म्हणायचं, "दे रे ते चार दिवसवाली." तीन औषधं एकात. चार दिवसांत लाली जाते, खाज जाते, माणूस ट्यूब फेकून स्टेजवर जाऊन बसतो. पाचव्या दिवशी चट्टा आपल्या दोन भावांना घेऊन परत येतो. मग पुन्हा ट्यूब. इंद्रजितभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी ती असायची. सह्या करायला त्यांना कोणी सांगतही नव्हतं म्हणा. लावून लावून गळ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. पाणी प्यायले तर उतरताना दिसायचं, असं त्यांचे विरोधक म्हणत. मला फक्त चहा दिसला होता.

अडचण आली ती दीपाच्या लग्नात. दीपा ही त्यांची एकुलती एक पोरगी, जिभेनं विळ्यासारखी. बाभुळगावच्या उकंडाजींच्या मुलाशी, संघदीपशी, तिचं जमलं होतं. मुलगा पतसंस्थेत कामाला, स्वभावानं शांत. पोरीला मनापासून पसंत. लग्न मे महिन्यात ठरलं आणि मार्चात दीपाच्या दंडावर नि कमरेवर चट्टे उठले.

तिनं दोरीवरचा टॉवेल काढून बापासमोर धरला.

"बाबा, हे काय आहे?"

"टॉवेल आहे, बेटा."

"टॉवेल नाही, शेतीवाडी आहे. तुमी अंग पुसता, माय पुसते, मी पुसतो. जे तुमच्या गळ्यात पिकते ते माह्या कमरेत उगवते."

"एका घरात एक टॉवेल म्हंजे एकी असते," इंद्रजितभाऊ म्हणाले. "अन् गजकरन काय, उष्णतेनं होते. ट्यूब लाव."

"लावली. मायनं बी लावली. गेलं अन् आलं, गेलं अन् आलं. हे पाहुन्यासारखं होऊन राह्यलं."

सत्यभामाबाई, म्हणजे इंद्रजितभाऊंची बायको, चुलीपाशी बसून पोळपाटाच्या काठावर मनगट घासत होती. ती एवढंच म्हणाली, "मले तं बारा वर्सं झाले. मले कोनी इचारलं नाही."

दुसऱ्याच दिवशी तिघं यवतमाळला कातडीच्या डॉक्टरीणबाईकडे गेली. तिथे रांग अशी की निम्मा जिल्हा खाजवत बसलेला. बाईंनी तिघांना तपासलं आणि इंद्रजितभाऊंचा गळा पाहून चष्मा बदलला.

"काय लावता?"

इंद्रजितभाऊंनी खिशातून ट्यूब काढून ऐटीत पुढे केली. बाईंनी ती दोन बोटांत धरली आणि टोपलीत टाकली.

"ही लावली की लाली दबते. आतली बुरशी मात्र मजेत वाढते. तिला तुम्ही खायला घालत होतात. आता गोळी आणि मलम, घरातल्या सगळ्यांनी, एकाच वेळी सुरू करायचं. खाज थांबली म्हणून थांबायचं नाही, मी सांगेन तेव्हा थांबायचं. ज्याचा टॉवेल त्याला. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात. गळ्यात काही घालता का?"

"काही नाही," इंद्रजितभाऊ म्हणाले.

"सांगा नं," सत्यभामाबाई म्हणाली. "शेला."

"कोणाचा शेला?"

"समाजाचा," इंद्रजितभाऊ म्हणाले.

सगळी हकिकत ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग तो हात साबणानं धुतला. "तो शेला पुन्हा गळ्यात पडला तर माझं औषध वाया गेलं म्हणून समजा."

"हार चालन काय, मॅडम?"

"फुलांचा ना? चालेल."

"फुलाचा कोनी घालत नाही," इंद्रजितभाऊ खिन्न होऊन म्हणाले. "महाग पडते."

परतीच्या गाडीत दीपानं अट घातली. अख्ख्या गाडीनं ऐकली, म्हणून मलाही कळली.

"बाबा, एक तं माह्यं लग्न, नाहीतं थो शेला. मी हे आंदन घेऊन त्याईच्या घरी जात नाही. तिथं पहिल्याच दिवशी लोक म्हनतीन, सून आली अन् खाज आली. तुमच्या सत्काराचं नाव माह्या कपाळावर नाही पायजे. घरात कोनी बी खाजवत असन, तं मी मांडवात उभी राहत नाही."

इंद्रजितभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. दुसऱ्या हातानं गळा खाजवत होते, पण शब्द दिला.

आणि खरंच, काही दिवस शब्द पाळला. सत्यभामाबाईनं तीन टॉवेल आणले, तीन रंगांचे. अंगणात मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी खदखदू लागलं आणि घरातला कपडा न् कपडा त्यात बुडून निघाला. इंद्रजितभाऊ गोळ्या गिळत होते, मलम लावत होते. चट्ट्याची कड फिकी पडली. दीपाचा दंड साफ झाला. सत्यभामाबाईच्या मनगटावर बारा वर्षांनी नुसतं मनगट दिसलं, ती ते पुन्हा पुन्हा पाहायची.

पण बाहेर काय झालं ते ऐका. तलाठ्याच्या निरोप समारंभात इंद्रजितभाऊंचं नाव पुकारलं आणि ते खुर्चीतून उठलेच नाहीत. नुसते हात जोडले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, इंद्रजितभाऊ पक्ष बदलून राह्यले. क्रिकेटच्या सामन्यांच्या बक्षिसालाही शेला घेतला नाही. मग झालं, भाऊंवर केस झाली असन. तिसऱ्यांदा नाही म्हणाले तेव्हा तर सरपंच स्वतः घरी आले.

"भाऊ, तुमच्या मनात काय आहे?"

"काही नाही. कातडीचं औषध चालू आहे."

सरपंचांनी डोळा मारला. "समजलं. आमाले तिकिटाच्या वेळेस इसरू नका म्हंजे झालं."

त्यातून गळा दिवसेंदिवस साफ होत चालला. लोक बोलता बोलता गळ्याकडे पाहायचे आणि त्यांचा आवाज हळूहळू चढायचा. पहिल्या आठवड्यात 'भाऊसाहेब'चं 'भाऊ' झालं, पुढच्यात 'भाऊ'चं 'इंद्रजित'. एक दिवस प्रेमसिंगनं त्यांच्यासमोर कप ठेवला. अर्धा.

"काहून रे, दूध संपलं?"

प्रेमसिंग त्यांच्या गळ्याकडे पाहत म्हणाला, "दूध आहे. चट्टा संपला."

हा घाव वर्मी बसला. इंद्रजितभाऊ त्या रात्री जेवले नाहीत. सत्यभामाबाईनं विचारलं, काय दुखते? ते म्हणाले, काहीच दुखत नाही, खाजत बी नाही, हेच तं दुखते.

लग्न आठ-दहा दिवसांवर आलेलं. अशात गावात स्मशानभूमीच्या शेडचं उद्घाटन निघालं. बाहेरून मोठा पुढारी येणार होता. इंद्रजितभाऊ घरून सांगून निघाले की नुसता मागं बसून येतो. मागंच बसले. पण पुढाऱ्यानं माईकवरून विचारलं, "या गावचे ज्येष्ठ कार्यकर्ते इंद्रजितभाऊ दिसत नाहीत," तेव्हा त्यांचे पाय आपोआप उठले. पाय त्यांचे नव्हतेच, असं ते नंतर सांगत. फोटोपुरता शेला घ्यायचा असं ठरवून गेले. पण पुढारी बोलायला उभा राहिला आणि स्मशानापासून सुरुवात करून देशाच्या विकासापर्यंत आला, तोवर दोन कूलर बंद पडले होते. शेल्यात सगळ्या गावाचा घाम होता. इंद्रजितभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र महिन्याभरानं तेज आलं होतं. परतताना प्रेमसिंगनं बोलावून पूर्ण कप पाजला, वर मलई.

लग्नाच्या पाच दिवस आधी गळा पुन्हा चुणचुणू लागला. कोणाला सांगतात? गुपचूप चार दिवसवाली आणली, खिशात घातली, आणि गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळला.

"अवो, मे महिना आहे," सत्यभामाबाई म्हणाली.

"पोरगी चालली. अंगात कसकस वाटते."

सत्यभामाबाईनं मफलरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे काहीतरी शिजत घातलं, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

लग्नाचा दिवस. विहाराच्या पटांगणात सेवादासचा मांडव. वर-वधू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. ताटात घडी घातलेला शेला आणि खुळखुळणारा नारळ, कारण निवेदकाकडे सत्कारमूर्तींची एवढी नावं होती की ती संपेपर्यंत नवरा-नवरीचे केस पिकले असते. बाभुळगावची वरात उतरली. सगळ्यात पुढे नवरदेवाचे वडील उकंडाजी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि गळ्यात लोकरीचा मफलर.

मांडवात ऊन असं की भोंग्यातून आवाज नुसता वाफ होऊन निघत होता.

"जयभीम, इवाई," इंद्रजितभाऊ म्हणाले.

"जयभीम, इवाई. थंडी वाजते काय?"

"थोडी. तुमाले?"

"मले बी. आमच्याकडं यंदा थंडी रेंगाळली."

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांच्या मफलरकडे पाहिलं आणि लगेच आभाळाकडे पाहिलं. इथे मला एक सांगायला हवं. सेवादासचा शेला पार बाभुळगावापर्यंत भाड्यानं जात असे, आणि उकंडाजी हे बाभुळगावचे इंद्रजितभाऊ होते.

लग्न लागलं. फुलं पडली. निवेदकानं घसा साफ करून व्याही-भेट जाहीर केली. दोन्ही व्याही हात पसरून पुढे आले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले.

आता व्याही-भेट म्हणजे काय, छातीला छाती लावायची, पाठीवर थाप मारायची, सुटायचं. हे सुटेनात. इंद्रजितभाऊंचा गळा उकंडाजींच्या मफलरवर आणि उकंडाजींचा गळा इंद्रजितभाऊंच्या मफलरवर. लोकर ती. एकानं उजवीकडून गळा घासला, दुसऱ्यानं डावीकडून. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "आहाहा." मग लय सापडली. घासतात, थांबतात, बाजू बदलतात, घासतात. डोळ्यांतून पाणी. फोटोवाल्यानं एक कार्ड भरून दुसरं घातलं. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. वाजंत्रीवाला थकून बसला. म्हातारी माणसं म्हणाली, अशी भेट आपण पाह्यली नाही, हे मागच्या जन्मीचे भाऊ असले पाह्यजेत.

एकटी दीपा गळ्यांकडे पाहत होती. ती स्टेजवरून उतरली आणि दोघांपाशी आली.

"बाबा, सोडा आता."

"भावना आवरत नाही, बेटा."

"भावना नखानं नाही आवरत," दीपा म्हणाली, आणि तिनं दोन्ही मफलर एकदमच ओढले.

दोन गळे, दोन माळा. एक काकडखेडची, एक बाभुळगावची. कडेनं लाल, मधून साफ. ओढाओढीत दोघांच्या खिशांतून एकेक ट्यूब खाली पडली, एकसारखी, दोन्ही अर्ध्याच पिळलेल्या.

आणि मग, तुम्हाला वाटेल लोक लाजले असतील, तर नाही. मागून सरपंचांनी भरल्या गळ्यानं म्हटलं, "वा. सोयरीक बरोबरीची झाली." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्ही व्याह्यांनी, खोटं कशाला सांगू, हात जोडून त्या टाळ्या घेतल्या.

दीपा मात्र फिरून नवऱ्याकडे वळली. "तुमचं?"

संघदीपनं खाली पाहिलं. "कमरेले आहे. दिवाळीपासून. बाबाचा अन् माहा एकच टॉवेल आहे. तुले सांगाव म्हनत होतो, पन लाज वाटली."

"मले बी होतं. म्या औषध खाऊन घालवलं. तुमी बी घालवसान," दीपा म्हणाली. मग सासऱ्याकडे वळली. "मामाजी, लग्न लागलं, ते पक्कं. पन नांदाले मी तवा येईन, जवा तुमच्या घरात कोनी खाजवत नसन. डॉक्टरीनबाईचं नाव सांगतो, आपन समद्यांनी जाजा."

"हे कुठची रीत?" उकंडाजी म्हणाले. "लोक इचारतीन, सून कुठं आहे?"

"सांगजा, सून उकळत्या पान्याची वाट पाहून राह्यली."

बापाकडे ती शेवटी वळली. इंद्रजितभाऊंनी मफलरसाठी हात पुढे केला तर मफलर तिच्या मुठीत. "बेटा, फोटोपुरताच घेतला होता," ते म्हणाले. त्यावर ती हसली असती तरी बरं झालं असतं. तिनं फक्त स्वतःचा साफ दंड पदराखाली झाकून घेतला आणि बापापासून एक पाऊल मागं सरकली. ते एक पाऊल इंद्रजितभाऊंना लागलं. मी जवळ होतो, मला दिसलं. सगळ्या जन्मात स्टेजवर पुढच्या रांगेत बसलेला माणूस, आणि पोटची पोर त्याच्यापासून मागं सरकते.

त्यांनी वाकून दोन्ही ट्यूबा उचलल्या आणि बायकोकडे दिल्या.

सत्यभामाबाई जणू त्याचीच वाट पाहत होती. तिनं दीपाच्या हातातले मफलर घेतले, ताटातला शेला उचलला आणि मांडवामागे स्वयंपाकाकडे चालू लागली. तिथे भाताचं पाणी मोठ्या गंजात खळखळत होतं.

सेवादास ओरडत धावला. "वहिनी, जरी. वहिनी, जरी आहे त्याले."

"मले बी मनगट आहे," ती म्हणाली, आणि शेला पाण्यात सोडला. मागून मफलर.

गंजातून असा एक वास उठला की कूलर स्वतःहून उलटे फिरले. पाण्याला जो रंग आला त्याला मराठीत नाव नाही. दोन माजी सभापती, तीन सरपंच, एक हेडमास्तर, सगळ्यांची कारकीर्द वर तरंगू लागली. लाकडी दांड्यानं ढवळून शेला बाहेर काढला तेव्हा तो हातरुमालाएवढा उरला होता, आणि जरी काळी नव्हे, पार नाहीशी झाली होती. त्या पाण्यात भात शिजवला नाही, हे मी छातीठोक सांगतो. कोणी काहीही सांगो.

शेला नाही म्हणजे सत्कार नाही. निवेदक नावं हातात धरून बसला आणि त्याला करायला काही उरलं नाही. पंगत तासभर आधी बसली. आमच्या गावच्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा लग्नातली पुरी गरम खाल्ली. एका म्हाताऱ्याची जीभ भाजली आणि तो आनंदानं रडला.

वरात नवरीवाचून परत गेली. उकंडाजींनी गावात तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण ज्याला त्याला एकच प्रश्न, सून कधी येते? त्या प्रश्नापेक्षा गोळी गिळणं सोपं, असं त्यांना कळायला वेळ लागला नाही. घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध धरलं आणि, आमच्या भागात हे फार क्वचित घडतं, पूर्ण केलं. पावसाळा मध्यावर आला तेव्हा संघदीप स्वतः घ्यायला आला. दीपानं आधी त्याची कंबर पाहिली आणि मग पिशवी भरली. पिशवीत दुसरं काही नव्हतं, सासरच्या प्रत्येक माणसासाठी एकेक वेगळा टॉवेल. तेच तिचं आंदण.

सेवादास काही रडत बसला नाही. महिनाभरात त्यानं नवा शेला आणला, या वेळेस नायलॉनचा, म्हणजे घाम मुरायलाही नको, वरच राहील. गावात सत्कार पुन्हा सुरू झाले. खांब पुन्हा चकाकू लागला. सरपंचांचा चट्टा आता कानापर्यंत चढला आहे आणि ते आमदारकीला उभे राहणार आहेत, असं बोलतात.

इंद्रजितभाऊंनी मात्र औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करून शेवटपर्यंत नेलं. नाव पुकारलं की ते खाली बसूनच हात जोडतात. सवयीनं हात गळ्याकडे जातो, तिथे काही सापडत नाही, आणि परत मांडीवर येतो. दीपा माहेरी आली की बापाच्या शेजारी टेकून बसते. त्या दिवशी ते हॉटेलात जात नाहीत.

बाकीच्या दिवशी जातात. परवा मी तिथेच होतो. प्रेमसिंगनं त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, कोरा पाहिला आणि किटली अर्ध्यातच उचलली.

"पूर्ण देऊ काय, इंद्रजित?" त्यानं उगाच विचारलं.

"अर्धाच दे," इंद्रजितभाऊ म्हणाले. "पन कप धुऊन दे."